मधल्या खोलीतली कडी

बेळगाव, वैशाख १९३८, शुक्रवार संध्याकाळ

आज नव्या घराचं छत ओतलं. आळीतलं पहिलंच सिमेंटचं छत, लोक येळ्ळूरहून बघायला आलते. माझं लक्ष मात्र त्या कडीतच अडकलंय.

सळ्या बांधून झाल्या तसा यल्लाप्पा गवंडी कडी हातात घेऊन ह्यांच्यापुढं उभा राहिला. "अण्णा, पाळण्याची कडी कुठं सोडू? सिमेंट एकदा धरलं की मागनं ठोकायला येत न्हाय बघा."

हे खाली बघत राहिले. सासूबाईंनी तोंड फिरवलं. माझी दोन मुलं पाळण्यातच गेली, तेव्हापासून घरात पाळण्याचं नाव कुणी काढत नाही. लाकडाची तुळई असती तर वेळ आल्यावर कडी मारली असती. ह्या सिमेंटला सगळं आधीच सांगावं लागतं.

बायका घमेली घेऊन वर चढायला लागल्या. मग मीच बोलून गेले, "मधल्या खोलीत सोडा. खिडकीपासून जरा आत, बाळाच्या डोळ्यांवर ऊन नको."

बाळाच्या! कुठल्या बाळाच्या? मला दिवसही गेलेले नाहीत, कसं काय निघालं तोंडातून?

आता कडी पक्की झाली. छताखालच्या फळ्या काढल्या की रोज डोक्यावर दिसणार, रिकामी. कापून टाकता येईल का? पण विचारू कुणाला?

मघाशी सासूबाई आल्या. माझ्या कडेवरची भरली घागर स्वतः उतरवून घेतली आणि हळूच म्हणाल्या, "कितवा महिना गं?"

मला नाही म्हणवलं नाही.