विरघळणारी पट्टी

चाचा,

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते आता मोजत नाही. सातवीतून शाळा सोडून मी गारगोटीला तुमच्या दुकानात शिलाई शिकलो, म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. घरात कुणाला सांगता येत नाही. दीड वर्षापूर्वी नातीचा जबडा मोडला. वारणानगरच्या कॉलेजातून येताना गाडीवरून पडली. राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी मलाच समोर बसवलं. मुलगा कारखान्यात ड्युटीवर आणि सून पोरीजवळ. हाड धरून ठेवायला पट्टी बसवावी लागेल म्हणाले. धातूची घेतली तर पक्की, बहुतेक जन्मभर आतच राहते; त्रास झाला तरच पुन्हा उघडून काढायची. दुसरी विरघळणारी, हाड सांधलं की हळूहळू आपोआप जिरून जाते. हे ऐकलं आणि मला तुमचं दुकान आठवलं.

एका नवरदेवाच्या काळ्या कोटात पक्क्या शिलाईनंतर उपसून काढायचा पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका मी तसाच ठेवला होता. तुम्ही कोट माझ्या अंगावर फेकलात. "काय रं, नवरा मांडवात दोरं उपसत बसणार हाय व्हय?" सगळं दुकान हसलं. आणि इथं आपोआप निघणारा टाका, चाचा! पोरीच्या तोंडात धातू नको, पुन्हा चिरफाड नको, असं माझ्या मनानं घेतलं. मुलाला फोन करून सांगितलं, विरघळणारीच घेऊया. नातीलाही कच्च्या टाक्याचंच सांगून समजावलं.

आता दोन आठवडे झाले, तिच्या जबड्यावर सूज आहे. "आजोबा, तुमचा कच्चा टाका फुगला की हो," म्हणून ती हसते, पण हसताना गालाला हात जातो. भाकरी दुधात कुस्करून खाते. डॉक्टर म्हणतात, पट्टी विरघळताना एखाद्याच्या अंगाला सोसत नाही, पू झालेला नाही, आपोआप बसेलही. नाही बसली तर उघडून राहिलेले तुकडे काढावे लागतील. दिवसातून दहा वेळा तिच्या तोंडाकडे बघतो. मग ती ओढणी वर घेते, आणि मी पेपर उघडून बसतो.

मुलगा सकाळपासून पेटलाय. "असं हुतंय तर आधी सांगाय नको हुतं? आज डॉक्टरला सोडत न्हाय. आण्णा, तुम्ही चला संगं. तुमच्याम्होरं बोललाय न्हवं त्यो? काय काय बोलला, तुम्हीच सांगा त्याच्या तोंडावर."

खाली त्यानं गाडी काढलीय. दोनदा हॉर्न वाजला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. डॉक्टर बोलले होते, चाचा. वर्षा-दीड वर्षानं सूज येऊ शकते, घरच्यांच्या कानावर घाला, असं दोनदा म्हणाले होते. मी मान हलवली. फोनवर मुलाला तेवढंच सांगितलं नाही. तो धातूची घ्या म्हणाला असता.