पाळण्यातले उमराव

बिशान, सिंगापूर
९ जुलै २०१६

तीर्थस्वरूप ऋताताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे प्रबोधचा, साष्टांग नमस्कार. (फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर घातला आहे. निदान घडी तरी उलगड.) तुझा गुडघा कसा आहे? निशिकांतभाऊजी सकाळचे फिरायला जातात की नुसते बूट घालून पेपर वाचतात? इकडे प्रणिता बरी आहे, बाळ बाळसं धरतं आहे आणि तुझ्या अबोल्याने मी तेवढाच वाळतो आहे. आमच्या ऑफिसातला पद्माकर पुण्याला येतोय, तो हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याला चहा दे. त्याचा यात काही दोष नाही.

दोष कोणाचा ते आता सविस्तर लिहितो. जन्माची नोंद इथे ठरलेल्या मुदतीत नावासकट करावी लागते. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आपल्या घरात बारशाआधी ते नाव तोंडातून काढायचं नाही, हे मला पाठ आहे. तू नाव लिहून लाखेने बंद केलेलं पाकीट दुपट्याबरोबर पाठवलंस, वर 'पाळण्यापाशीच उघडणे' असा हुकूम. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी तुला फोन करून नुसतं पहिलं अक्षर विचारलं, तर तू 'उतावळा मेला' म्हणून फोन ठेवलास. (ठेवताना हसलीस, ते मी ऐकलं.)

तेव्हा मला आपल्या पुण्याचा दाखला आठवला. माझ्या जन्माच्या दाखल्यात नावाची जागा मी शाळेत जाईपर्यंत रिकामीच होती, आठवतं ना? बाबांनी नंतर जाऊन भरून आणली. मला वाटलं, जगात सगळीकडे अशीच सोय असणार. इथे रिकामी जागा चालत नाही म्हणतात ना, मग तात्पुरतं काहीतरी लिहू आणि बारशानंतर खरं नाव घालू. आंग मो किओ भागातल्या आमच्या ऑफिसात डेस्मंड म्हणून एक चिनी सहकारी आहे. त्याच्या मुलांची नावं ड्यूक आणि बॅरन. एक तात्पुरतं नाव सुचव म्हटलं तर तो म्हणाला, "अर्ल लाह. व्हेरी रेअर, वन." (इथल्या इंग्रजीत 'लाह' म्हणजे आपलं 'रे'.) मी लिहिलं. नोंदणी कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी स्पेलिंग दोनदा वाचून दाखवलं, मी दोन्ही वेळा मान डोलावली. दहा मिनिटांत छापील दाखला हातात आला. इथलं काम किती झटपट होतं या कौतुकात मी त्याचा फोटो थेट आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. पुढचं तुला माहीत आहे. फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटल्या आणि तू गप्प झालीस. चौथ्या दिवशी भाऊजींचा निरोप आला, की ताई बारशाला येणार नाही.

केलंय तर निभावून न्यावं, म्हणून मी त्या नावाचा अभ्यास केला. अर्ल ही विलायतेतली पदवी आहे. जुन्या इंग्रजीत अर्थ योद्धा, उमराव. मानाने ड्यूक आणि मार्क्विसच्या खाली, म्हणजे डेस्मंडच्या थोरल्याला आपल्याला मुजरा करावा लागेल, पण धाकटा आपल्याला करील. गंमत म्हणजे अर्लच्या बायकोला काउंटेस म्हणतात, तिच्यासाठी त्यांना स्वतःचा शब्दच सापडला नाही. (सूनबाई आल्या की हे समजावून सांगायला मी जिवंत असेन अशी आशा.) शिवाय आपलं आडनाव सरदेसाई, तीही पदवीच. अर्ल सरदेसाई म्हणजे पुढून उमराव आणि मागून वतनदार. मधे बिचारा माणूस असा नाहीच, आणि जहागीर म्हणाल तर चौथ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. हा सगळा अभ्यास मी प्रणिताला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ताईंना दाखवून बघा ना." मी वही मिटली.

ताई, खरं सांगतो. मला त्या नावाचं काही नाही. तू बारा वर्षं आत्या व्हायची वाट पाहिलीस आणि मी तुझा मान एका खिडकीवर दहा मिनिटांत देऊन आलो. मला याची लाज वाटते.

बारसं तीस तारखेला आहे. पाकीट तसंच बंद, देवापाशी ठेवलं आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
प्रबोध

ता. क. दाखल्यातलं नाव बदलण्याचा अर्ज आणून ठेवला आहे. नवीन नावाची जागा सोडून बाकी सगळं भरलं आहे. ती जागा तुझ्या अक्षरात हवी, म्हणून ये. आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. यंदा ते बुक्के मी खाईन, असं इथल्या सगळ्या बायकांना कबूल केलं आहे. त्या फार आनंदाने तयार झाल्या.

आणखी एक ता. क. पाकीट बंद असल्याचं वर लिहिलं ते खोटं आहे. प्रणिताने ते परवाच किटलीच्या वाफेवर उघडलं. 'राजस' वाचून ती रडली. मी पण. मी त्याला उमराव केलं आणि तू थेट राजाच्या पंक्तीला बसवलंस. पण पाळण्याजवळ ते नाव आम्ही दोघंही घेत नाही, 'अहो, जरा इकडे बघा' असं म्हणून भागवतो. अर्लही कोणी म्हणत नाही. कागदावर काय लिहिलंय ते लिहिलंय, त्याच्या कानात अजून कोणीही कुठलंच नाव सांगितलेलं नाही. कान कोरा ठेवला आहे.