डब्यातली हवा

१ डिसेंबर, रविवार

ताडपत्री काढली. वर्षभराची धूळ! नजफगढला चौधरीच्या गोदामामागे आमचा डबा अकरा महिने नुसता उभा असतो. चाकांना टेकवलेल्या विटांना शेवाळ आलंय. दार उघडलं तर मागच्या वर्षीच्या कापराचा वास. बरं वाटलं.

'डबा' हे नाव बायकोचं, अलकाचं. माझ्या मित्राच्या, विनायकच्या बोलेरोमागे जोडायचं दोन चाकांवरचं घर — आत तीन बाकं, एक शेगडी, एक पाण्याची टाकी, एका कोपऱ्यात देव. पाच वर्षांपूर्वी विनायकने आणि मी एका सर्वे कंपनीच्या लिलावात घेतला. लेक उत्तरा त्याला कॅरावान म्हणते. पण नाव राहिलं डबाच.

तेरा जानेवारीला निघायचं. चौदाला पहाटे पानिपतला, काला अंबपाशी, लढाईच्या स्मारकापाशी उभं राहायचं. पुढे कुरुक्षेत्रला संक्रांतीचं स्नान. तोवर छत, चाकं, गॅस, पाणी, बॅटरी, सगळं स्वतःच्या हाताने तपासणार. एकही काम पुढच्या वर्षावर नाही! त्यासाठी ही नवी वही. गावच्या शाळेत कदम गुरुजी रोजनिशी लिहायला लावायचे आणि खाली एक ओळ सक्तीची — 'आजची चूक'. तीही लिहीन.

अलकाला सांगितलं, ताडपत्री काढली. मेथी निवडत होती. म्हणाली, "या वर्षी मी नाही." वर पाहिलंही नाही.

आजची चूक — हातमोजे घरी विसरलो.

२ डिसेंबर

मी नाही म्हणजे नाही. पुन्हा विचारलं, तर पोळी लाटत राहिली.

मागच्या जानेवारीत डब्यात पहिल्याच रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं. पहाटे उलट्या. "इथे हवाच नाही हो," म्हणत राहिली. काला अंबपाशी आलीच नाही, बोलेरोत डोळे मिटून बसली. मी विनायकसमोर बोलून गेलो — "घराबाहेर पाऊल टाकलं की तुझं दुखणं सुरू. यायचं नव्हतं तर सांगायचं होतंस!" पुढच्या दोन रात्री ती माझ्याशी बोलली नाही.

गाडी लागते एकेकाला. त्यात राग धरण्यासारखं काय आहे?

८ डिसेंबर, रविवार

छत. शिडी लावून वर बसलो, सकाळी नऊपासून. पत्र्याच्या जोडावरचं सीलंट चार जागी तडकलंय. खरवडून, पुसून, नवं भरलं. वर्षाला हे केलं नाही तर पाणी आत शिरतं आणि प्लाय कुजल्यावरच कळतं. खाली उतरलो तेव्हा गुडघे बोलत होते.

मग आत जाऊन देवघराची जागा पाहिली. तिथे खाली फरशीत तळहाताएवढं भोक होतं, जाळी बसवलेलं. कंपनीवाल्यांनी काहीतरी पाइप घालायला पाडून तसंच सोडलं असणार. देवांच्या पायाखालून रस्त्याची धूळ वर यायची, थंडगार वारा यायचा. मागच्या वर्षी पत्रा ठोकून वरून सिलिकॉन भरलं आणि मग देव मांडले. आज बोट फिरवून पाहिलं — केस जाईल एवढी फट नाही. काम चांगलं झालंय.

आजची चूक — नाही.

१५ डिसेंबर, रविवार

चाकं. विनायक मयूर विहारहून आला, मदतीला म्हणून. खुर्ची टाकून ऊन खात बसला. दोन्ही हब उतरवले. बेअरिंग रॉकेलमध्ये धुतली, हातावर ग्रीस घेऊन दाबून भरली, नव्या पिना घातल्या. टायरची नक्षी छान आहे, पण कडेला छापलेले आकडे वाचले तर सहा वर्षं झालेली. दिसायला नवे, आतून म्हातारे. बदलायचे.

विनायक आत डोकावून म्हणाला, "हरिभाऊ, देव ईशान्येला ठेवलेस ना?"

"हो. होकायंत्र लावून."

"ते इथे, चौधरीच्या अंगणात. हायवेच्या वळणावर डबा वळला की तुझी ईशान्य गेली आग्नेयेला! पानिपतला पोचेपर्यंत देवांनी सगळ्या दिशा फिरून घेतल्या."

हसलो. पण मनात राहिलं. फिरत्या घराला ईशान्य कुठली? मी म्हटलं, जिथे हात जोडतो ती ईशान्य. विनायक म्हणाला, "बिल्कुल! मग शेगडीशेजारी ठेव, देवांना गरम तरी वाटेल."

आजची चूक — नाही.

२२ डिसेंबर, रविवार

गॅस. नवी नळी, नवा रेग्युलेटर. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठेही बुडबुडा नाही. हीटरचा बर्नर ब्रशने साफ केला. हा हीटर मागच्या वर्षी घेतला, अलकाला थंडी सोसत नाही म्हणून. त्या ट्रिपला रात्रभर बारीक चालू ठेवला होता. तरी तिची तक्रार!

दाराचं रबर मात्र गेलंय. खालच्या कोपऱ्यात चार बोटं रुंद दबलेलं. मध्ये काहीतरी अडकवून कुणीतरी दार ओढलंय, तेही एकदा नाही. अशाने गारठा आत येणारच. उत्तराला फोन केला, "मी नाही हं बाबा!" विनायक म्हणाला, "यार, मी तर बोलेरोत झोपतो. तुझा डबा, तुझं दार." अलकाला काय विचारणार, ती डब्याचं नाव काढू देत नाही.

जुनं काढून नवं रबर बसवलं. आता दार असं लागतं की कानांना दडे बसतात!

आजची चूक — नाही. (सलग तिसऱ्यांदा. गुरुजींनी कान धरला असता.)

२५ डिसेंबर

सुट्टी. पाण्याची टाकी धुतली, नळ सोडून ठेवला. बॅटरीत पाणी भरलं. दिवे, इंडिकेटर ठीक.

घरी आलो तर उत्तराने एक खोका हातात दिला. पांढरी, साबणदाणीएवढी वस्तू. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. म्हटलं, "साबणाच्या पाण्याने सगळं तपासलंय. गळती असती तर वासच आला असता."

"बाबा, याला वास नसतोच. गॅस नीट जळला नाही, हवा कमी पडली की बनतो. माणूस झोपेतच जातो." मग आवाज खाली आणून — "आईला गाडी लागत नाही, बाबा. आई सहाशे वीस नंबरच्या बसमध्ये उभी राहून स्वेटर विणते. पाहिलंय ना तुम्ही?"

पाहिलंय. आर. के. पुरमपासून थेट शेवटच्या स्टॉपपर्यंत, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात सुया आणि लोकर.

अलका स्वयंपाकघरात होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

२९ डिसेंबर, रविवार

दार, खिडक्या लावल्या. अलार्म बाकावर ठेवला, हीटर बारीक केला, माळ घेऊन देवांसमोर बसलो. म्हटलं, अकरा माळा होईपर्यंत पाहू. सातव्या माळेला तो किंचाळला! वाटलं, वस्तूच खराब. दार उघडलं, गप्प झाला. पुन्हा लावून बसलो. पुन्हा किंचाळला. उठलो तर कपाळावर खिळा ठोकल्यासारखं दुखत होतं आणि पोटात ढवळत होतं.

हेच सांगत होती ती. अगदी हेच!

बाहेर विटेवर बसून राहिलो. मग कामाला लागलो, वर्कशॉपात लागतो तसा — एकेक गोष्ट बाद करत. नळी? ठीक. बर्नर? साफ. छताची झडप? उघडी. मग वर जाणारी हवा खालून येते कुठून? सतरंजी टाकून डब्याखाली शिरलो. बॅटरीच्या उजेडात ते भोक दिसलं. कडेने नीट गोल कापलेलं, घडवलेली कड, जाळी. आणि त्या कडेला, चिखल पुसल्यावर, पत्र्यावर ठोकलेली अक्षरं. हिंदीत. 'हवा का रास्ता। बंद न करें।'

आणि वर माझा पत्रा.

ते चुकून राहिलेलं भोक नव्हतं. डब्याचं नाक होतं. मी ते देवांसाठी म्हणून दाबून धरलं. वर हीटर आणला. आणि यंदा प्रत्येक रविवारी डबा आणखी घट्ट करत आलो — छत, दार, रबर. ज्याचं मला कौतुक वाटत होतं ते हे.

मग मागच्या वर्षी तीन रात्री आम्ही तिघं वाचलो कसे? देवाने राखलं. दुसरं काय!

आजची चूक — आजची नाही. वर्षाची आहे. पत्रा मी ठोकला. आजारी ती पडली. आणि बोललो तिलाच.

३० डिसेंबर

सांगितलं नाही.

३१ डिसेंबर

आजही नाही. ती जेवायला वाढत होती तेव्हा शब्द तोंडापर्यंत आले आणि मी मीठ मागितलं. मीठ समोरच होतं.

१ जानेवारी

सांगितलं.

ती तीळ भाजत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "अगं, मागच्या वर्षी तुला गाडी लागली नव्हती. हवा विषारी झाली होती. हवेचं भोक मी बुजवलं होतं. देवांखालचं." एका दमात.

ती उलथनं फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मला विनायकभावजींसमोर बोलला होतात."

"हो."

"मग हे पण त्यांच्यासमोरच सांगा."

गॅस बंद केला. तीळ ताटात ओतले. एकही करपला नव्हता.

५ जानेवारी, रविवार

विनायकला घरी जेवायला बोलावलं. वरण-भात होईपर्यंत थांबलो, मग ताट सरकवून सांगितलं. पत्रा, हीटर, अक्षरं, सगळं. शेवटी म्हणालो, "अलका खरं बोलत होती. मी तिला तुझ्यासमोर खोटं पाडलं. म्हणून तुझ्यासमोर सांगतोय." घाम फुटला होता. पन्नाशीला आलेला माणूस मी, शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखा!

विनायकला पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. घास हातात धरून बसला. म्हणाला, "वहिनी, मी पण तेव्हा हसलो होतो. चुकलंच." मग न राहवून — "पण हरिभाऊ, पुढच्या वर्षी मेंटेनन्स वहिनींना देऊ. तू स्वेटर विण."

अलका हसली! तोंडाला पदर लावून, पण हसली. उत्तराने टेबलाखालून माझा हात दाबला.

११ जानेवारी, शनिवार

अलका डबा पाहायला आली. स्वतःहून. येताना बटव्यात अक्षता आणि सुपारी.

देव हलवायचे म्हणून मी आठवडाभर अडून बसलो होतो. मांडलेले देव उचलायचे कसे? तिने अक्षता वाहिल्या, टाक उचलून पदरात घेतले आणि म्हणाली, "चला, यांना खिडकीपाशी बसवू. त्यांना पण श्वास घेऊ दे." मी गुडघ्यावर बसून सिलिकॉन कापलं, पत्रा उचकटला. खालून वारा आला. थंड, धुळीचा, गोदामाच्या मोहरीच्या पेंडीचा वास असलेला. इतका चांगला वारा मी कधी अंगावर घेतला नव्हता.

हीटर लावून तासभर बसलो दोघं, दार लावून. अलार्म गप्प. तरीही झोपताना हीटर बंद करायचा, हे ठरलं. तिनेच ठरवलं.

उतरताना तिने दाराच्या खालच्या कोपऱ्यावर हात फिरवला. "हे रबर कधी बदललंत?"

"डिसेंबरात. जुनं दबलं होतं. कुणीतरी काहीतरी अडकवून ठेवलेलं."

"हं," म्हणाली आणि चप्पल घालायला वाकली.

१२ जानेवारी

नवे टायर बसले. हवा, नट, दिवे, हूक, साखळी, सगळं दोनदा तपासलं. गुळाच्या पोळ्या डब्यात भरल्या, म्हणजे पितळी डब्यात. अलकाने स्वतःचं पांघरूण आणून बाकावर ठेवलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने उचललं असतं, अशी भीती!

आजची चूक — सापडत नाही. म्हणून जास्त शोधली.

१४ जानेवारी, मंगळवार. पानिपत

पहाटे जाग आली. अलार्म रात्रभर गप्प. दार नीट लावावं म्हणून खाली हात नेला, तर फटीत अलकाची चप्पल. टाच आत, पंजा बाहेर. दार तेवढंच उघडं.

नव्या रबरावर वळ उठायला लागलाय. खालच्या कोपऱ्यात. चार बोटं.

मागच्या वर्षी तिन्ही रात्री मी आणि उत्तरा गाढ झोपलो होतो.

वहीतलं २९ तारखेचं पान उघडलं. 'देवाने राखलं' लिहिलंय, ते खोडत नाही. शेजारी अलकाचं नाव लिहिलं. चप्पल होती तिथे ठेवून दिली.