हजेरीची वही

१८ तारीख

पोहोचलो एकदाच्या. नोकरी जेमतेम बारा दिवसांची, पण स्टेशनावरची खोली फुकट आणि खिडकीतून अख्खी दरी दिसते. ताईने आल्या आल्या दोन्ही खाटा खिडकीशी ओढल्या. ती सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे हुकूम तिचा. आईबाबा गेल्यापासून तिला मी आणि मला ती, तिसरं कोणी नाही. माझ्या घोरण्याला ती अजून कंटाळलेली नाही, हे माझं नशीब.

गाडी खेळण्यासारखी, एक इंजिन नि तीन डबे. हौशी लोकांना डोंगरावर न्यायचं, बोगद्यापाशी तासभर फिरू द्यायचं, खाली आणायचं. मालक वारले तेव्हापासून महिनाभर बंद होती. त्यांच्या मुलीला, म्हणजे आताच्या मालकीणबाईंना, हे लचांड नको आहे. तीस तारखेला शेवटची फेरी, मग रूळ भंगारात. मी गार्ड. हिरवा झेंडा आधी ताईने हलवून पाहिला, मग मला दिला.

१९ तारीख

ड्रायव्हरकाका मला पोरी म्हणतात. त्यांनी मालकांची वही दाखवली. मालक प्रत्येक प्रवाशाचं नाव लिहून घेत आणि वरून निघताना एकेकाला नावाने पुकारत. सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय गाडी हलत नसे. मालकीणबाई म्हणाल्या, बारा दिवसांसाठी कसली शाळा भरवताय, डोकी मोजा नि चला. मला पटलं. वही कपाटात टाकली.

२१ तारीख

नेले एकतीस, आणले तीस. दोनदा मोजले. तक्रार कोणाचीच नाही. एका बाईंकडे पाण्याच्या चार बाटल्या होत्या आणि माणसं तीन. विचारलं तर म्हणाल्या, आम्ही तिघंच आलो होतो. चौथ्या बाटलीकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि ती बाकावर ठेवून गेल्या.

काका म्हणाले, वर कोणी राहिलं की खाली त्याची आठवण राहत नाही, मालक सांगायचे. नावाने बोलावलं तरच येतं. आधी का नाही बोललात, असं विचारलं, तर म्हणाले, तुला पटलं असतं का?

२२ तारीख

वही काढली. सत्तावीस नावं, सत्तावीस ओ. जीव भांड्यात पडला. ताई हसली मला. तिला बोगदा आतून बघायचाय, उद्या गार्डच्या डब्यात बसून येणार आहे. घरच्या माणसाला तिकीट कशाला नि वही कशाला.

२३ तारीख

बत्तीस नावं, बत्तीस ओ. सगळं चोख.

एकटीला खोली मोठी वाटते. दुसरी खाट कोणी इथे आणून ठेवली कोण जाणे, सारखी गुडघ्याला लागते. चहाही जास्त झाला.

२५ तारीख

दारात चपलांचा जोड आहे. माझ्या पायाला मोठा. काकांनाही काही आठवत नाही. पण त्यांनी विचारलं, रोजचं कुठे लिहून ठेवतेस का.

२६ तारीख

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. मला ताई आहे.

रडू यायला हवं. येत नाही. दात काढताना सुन्न केलेल्या हिरडीसारखं आहे सगळं.

तिचं नाव कुठेच नाही. प्रत्येक पानावर नुसती ताई. जन्मात कधी नावाने हाक मारली नसणार. तिच्या पिशवीत कागद आहेत, त्यांवर नावाची जागा कोरी.

२९ तारीख

उद्या शेवटची फेरी. परवा रूळ उखडायला माणसं येणार. मालकीणबाईंना म्हटलं, चार दिवस थांबा. त्या म्हणाल्या, कोणासाठी. नाव अजून सापडलेलं नाही.

३० तारीख, वर

प्रवासी नऊ. डब्यात बसलेत. वही काकांकडे दिली, म्हटलं, पुकारल्याशिवाय हलू नका. मी बोगद्याच्या तोंडाशी.

ताई म्हणून हाक मारली.

ओ आली. मग आणखी एक. मग — कितीतरी जणींची. सगळ्याच कोणाच्या ना कोणाच्या ताई.

पावलं येताहेत. तिचा चेहरा आठवत नाही. ती ओळखेल मला, मोठी आहे —

काका पुकारताहेत. नऊ झाली. थांबलेत. वहीत मी स्वतःला लिहिलंच नव्हतं. ओरडून विचारताहेत, पोरी, नाव काय तुझं —

सांगते —

माझं नाव