वणव्यात गेलेल्या दोघांच्या मागचे घर

मी, सिंधुबाई चिमाजी भोये, वय वर्षे पन्नास, नोकरी वनखात्याच्या रोपवाटिकेत, राहणार पेठ रोड, नाशिक, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. सातवीपर्यंत शिकले आहे आणि हे अक्षर माझेच आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. तसे असेल तर उत्तमच, हा कागद कपाटात पडून राहील. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे यजमान चिमाजी भोये हे पेठच्या डोंगरात वनरक्षक होते. मार्च १९९६ मध्ये वणवा विझवताना ते गेले. त्याच वणव्यात, त्यांच्याच शेजारी, नजीर पिंजारी हे रोजंदारीवरचे वनमजूर गेले. आम्हाला मूलबाळ नव्हते. नजीरभाऊंच्या मागे पत्नी बिलकिस आणि नऊ वर्षांची मुलगी कौसर राहिली.

१. घर

पेठ रोडवरील दोन खोल्या, मागची मोरी, पुढची ओसरी आणि ओसरीसमोरची सीताफळाची दोन झाडे असे माझ्या स्वकष्टाचे घर माझ्या पश्चात बिलकिस नजीर पिंजारी हिला कायम मालकी हक्काने मिळावे. माझ्या किंवा यजमानांच्या कोणाही नातेवाइकाचा त्यावर हक्क राहणार नाही.

घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, कारण कर्ज माझ्या पगारावर मिळाले. पण ते फेडताना माझ्या पगाराबरोबर बिलकिसचे शिलाई मशीनही चालत होते. लग्नसराईत तिची बोटे सुजायची, तरी हप्त्याच्या आधी ब्लाऊज पुरे व्हायचे.

कच्चा मसुदा करताना वकीलसाहेबांनी विचारले, "बिलकिसबाई तुमच्या कोण?"

मी म्हटले, "माझे यजमान आणि तिचे यजमान एका आगीत गेले."

"ते झालं. पण नातं काय लिहू? भाडेकरू? मैत्रीण?"

"माझं माणूस आहे, असं लिहा."

ते म्हणाले, कायद्यात असे नाते नसते. म्हणून मी त्यांचा मसुदा घेऊन घरी आले आणि हे सगळे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. इथे मी तसेच लिहिते. बिलकिस माझे माणूस आहे.

२. ते दोघे कसे गेले

उद्या कुणी विचारील की ही बाई परक्या बाईला घर का देते, म्हणून हे लिहून ठेवते. मला हे गावातल्या तानुबाईने सांगितले. ती तेव्हा सत्तरीची होती, आता हयात नाही. दहाव्या दिवशी सुनेचा हात धरून ती माझ्या दारात आली, उंबऱ्याच्या बाहेरच बसली, आत येईना.

त्या दिवशी डोंगराच्या पश्चिम अंगाला गवत पेटले. चिमाजी, नजीरभाऊ आणि गावातली माणसे ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती. आग आटोक्यात आली होती. तेवढ्यात कुणीतरी सांगितले की खालच्या घळीत बाया मोहाची फुले वेचायला गेल्या आहेत. वारा फिरला होता आणि आग घळीकडे निघाली होती. हे दोघे खाली पळाले. त्यांनी बायांना कातळाच्या बाजूने वर काढले. वर आल्यावर तानुबाईची सून ओरडली, "सासू ऱ्हायली!" तानुबाईचे गुडघे धड नव्हते, ती मागे पडली होती. दोघे परत उतरले.

पुढचे तानुबाईच्या शब्दांत:

"धूर इतका, का मला माझा हात दिसंना. त्यांनी मला उचललं, पन वर जायाची वाट पेटली व्हती. तिथं झऱ्याचा खड्डा हाय, गुडघाभर पानी. मला त्यात बसवलं. नजीरनं त्याचं घोंगडं भिजवून माझ्या डोक्यावरनं टाकलं. भोये म्हनला, आजी, डोळे मीट, आमी हितंच हाय. त्या खड्ड्यात एकच मानूस मावत व्हतं, बाई. मी लय हाका मारल्या. पयल्यांदा 'हं' म्हनले. मंग नाय म्हनले."

ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मला शिव्या दे. मी त्यासाठीच आलीय."

मी तिला आत घेतले आणि चहा केला. तिला दुसरे काय देणार होते? त्या दोघांनी जिला जिवापाड जपले, तिला मी शिव्या देऊ? तानुबाई त्यानंतर चार वर्षे जगली. दर मोसमाला वाळवलेली मोहाची फुले पाठवायची, अर्धी मला, अर्धी बिलकिसला. ती चार वर्षे चिमाजी आणि नजीरभाऊ यांनी मिळवलेली आहेत. त्यांनी काय कमावले असे कुणी विचारले, तर मी हेच सांगते.

३. माझ्या देहाबद्दल

मला अग्नी देऊ नये. पुरावे.

चिमाजींना आणले तेव्हा गावाने लाकडे रचली होती. मी आडवी आले. माझा दीर गोटीराम म्हणाला, "वैनी, आपल्या घरात अग्नी देत्यात."

मी म्हटले, "दिला ना. अख्ख्या डोंगराने दिला. आता माती द्या."

मंडळी कुजबुजली, बाईचे डोके फिरले म्हणाली. पण वनपाल मोतीराम गावित यांनी पहार उचलली आणि खणायला लागले. मग इतरही आले. गावाकडच्या बांधावर आंब्याखाली चिमाजी आहेत. मला तिथेच शेजारी जागा द्यावी. तेवढ्या लांब नेणे जमले नाही, तर नाशिकमध्ये कुठेही चालेल, पण मातीतच.

४. गोटीराम भोये, माझे दीर, यांस

लाकडे परत नेल्याचा राग तुम्ही बारा वर्षे धरलात. भावाला मुक्ती मिळाली नाही, असे चारचौघांत म्हणालात. बिलकिस माझ्या घरी राहायला आली तेव्हा तुम्ही जे बोललात, ते मी कागदावर आणत नाही. मागच्या दिवाळीत ओसरीवर उभे राहून तुम्ही म्हणालात, "वैनी, तुज्यामागं हे घर आमच्याच नावावर लागनार. मंग तिनं आपलं बघावं." आत बिलकिस भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, तो मी ऐकला. दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. मृत्युपत्र नसेल तर तुमचे खरे होईल, असे ते म्हणाले. म्हणून हा सगळा खटाटोप.

तरी गावच्या शेतातला चिमाजींचा हिस्सा मी तुम्हाला देते. तुमच्या लहानपणी ओढ्याला पाणी आले की चिमाजी तुम्हाला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचे, हे त्यांनी मला कितीतरी वेळा हसत सांगितले आहे. शेताबरोबर त्यांचा खाकी गणवेशातला फोटोही देते. तुमच्याकडे एकही नाही, आणि मागच्या वेळी तुम्ही भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघत होतात, ते मी पाहिले. बांधावरच्या आंब्याखाली जाऊन या. ते तुमच्यावर कधी रागावले नव्हते.

५. दोन शाली

यजमान गेल्यानंतरच्या वर्षी कामावर जीव गमावलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार झाला. मला स्टेजवर बोलावले, शाल आणि नारळ दिला. बिलकिसला बोलावणे नव्हते, कारण नजीरभाऊ रोजंदारीवर होते. मी माइकपाशी थांबले. म्हटले, "साहेब, ते दोघे होते."

पाहुणे म्हणून आलेल्या वयस्कर साहेबांनी स्वतःच्या खांद्यावरची, त्यांना नुकतीच घातलेली शाल काढली, घडी केली आणि विचारले, "त्यांचं नाव काय?"

"नजीर पिंजारी."

त्यांनी ते नाव माइकवर मोठ्याने घेतले. टाळ्या वाजल्या की नाही, ते मला आठवत नाही. मी तेव्हा रोपवाटिकेच्या नोकरीसाठी नाशिकला खोली घेऊन राहत होते. ती शाल घेऊन मी सभेतून तशीच एसटीने पेठला गेले. बिलकिस भाड्याच्या खोलीत दुसऱ्यांचे परकर शिवत बसली होती. मी शाल तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटले, "चल."

"किधर?"

"नाशकाला. माझ्या खोलीवर."

"लोक काय म्हणतील, सिंधू?"

"म्हणू देत. तू मशीन उचल, मी कौसरला घेते."

दोन्ही शाली बिलकिसच्याच आहेत.

६. कौसरला

माझ्या कानातली, गळ्यातली पोत आणि बँकेतली शिल्लक कौसरला मिळावी. ती आता मालेगावच्या दवाखान्यात नर्स आहे. शाळेत पालकांची सही मागितली की ती एकदा आईची घ्यायची, एकदा माझी. बाईंनी विचारले तर म्हणायची, "मला दोन आहेत." पोरी, लग्न तुझ्या मनाने कर. आई ऐकत नसेल तर सांग की सिंधूमावशीने लिहून ठेवले आहे.

७. दाताळे

चिमाजींचे पालापाचोळा ओढायचे दाताळे आगीत सापडले. दांडा जळाला होता, लोखंड शाबूत होते. मी बाभळीचा नवा दांडा बसवून घेतला. ते त्या डोंगरावर आता नेमणुकीला असलेली वनरक्षक भाग्यश्री हिला द्यावे. ही मुलगी पहिल्यांदा रोपवाटिकेत आली, तेव्हा तिने मला विचारले होते, "काकू, आग आली की भीती वाटते. तुमच्या यजमानांना वाटायची का?" मी सांगितले, वाटायची. रोज वाटायची आणि रोज जायचे.

भाग्यश्री, दाताळे वापर, भिंतीला टांगू नकोस. थंडी सरायच्या आत जाळरेषा स्वच्छ काढून घे, म्हणजे आग त्या मोकळ्या पट्ट्यापाशी अडेल. खाली माणूस असेल तर तू जाशील, ते मी कोण अडवणार? पण नुसती झाडे असतील आणि वारा फिरला, तर मागे ये. झाडे मी आयुष्यभर पिशवीत वाढवली आहेत. ती पुन्हा लावता येतात.

८. जेवण

माझ्या फंडातून जे येईल त्याच्या व्याजातून दरवर्षी जाळरेषा काढणाऱ्या मजुरांना एक दिवस जेवण द्यावे. नागलीची भाकरी, उडदाच्या डाळीचे घट्ट कालवण, म्हणजे भुजे, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि पोटभर. वाढताना चिमाजी भोये आणि नजीर पिंजारी ही दोन्ही नावे सांगावीत. भाषण करू नये. माणसे दमलेली असतात.

९. अंमलबजावणी

या मृत्युपत्राप्रमाणे सर्व करून देण्याचे काम सेवानिवृत्त वनपाल श्री. मोतीराम गावित यांनी पाहावे. त्यांनी होकार दिला आहे.

१०. शेवटचे, बिलकिससाठी

हे तुला सांगितले असते तर तू भांडली असतीस, म्हणून सांगितले नाही. मी गेल्यावर कौसरने काही दिवस रजा घेऊन तुझ्याजवळ राहावे. रोपवाटिकेतून मला उशीर झाला की तू ताट झाकून ठेवतेस आणि स्वतःही उपाशी बसतेस. कितीही सांगितले तरी ऐकले नाहीस. आता ऐक. अंधार पडायच्या आत जेवून घेत जा. माझी वाट बघू नकोस.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. माझ्या मनासारखा आहे. खाली दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते.

सही: सिंधुबाई चिमाजी भोये

साक्षीदार
१. छाया समाधान जाधव, शेजारी, पेठ रोड, नाशिक (सही)
२. ललित पुंडलिक महाले, रोपवाटिकेतील सहकारी, राहणार म्हसरूळ (सही)

सिंधुबाईंनी आमच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर व एकमेकांच्या समोर सही केली.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १२ जानेवारी २००८