बाहेर बसलेली अक्का

१७ जानेवारी १९३७, नंदुरबार
आज हळदीकुंकवाच्या सभेत सुरुवात अशी केली: "बायांनो, बैल लंगडला तर घराला त्याच दिवशी कळतं. बाई लंगडली तर ती चुलीपाशी कोसळल्यावर कळतं. हे आपणा सगळ्यांचं गाऱ्हाणं आहे." टाळ्या पडल्या. घसा बसला.
अक्का रनाळ्याहून आली नाही. सख्खी थोरली बहीण, आणि माझ्या एकाही सभेला नाही. राग आला आहे. जाऊन बोलणार.

२० जाने., रनाळे
बोलायला गेले होते.
अक्का पडवीत, गोठ्याच्या कडेला. गोणपाट, वेगळा तांब्या, वेगळं ताट. "किती दिवस?" तर म्हणाली, "दसरापाईन." तीन महिने! पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, मग रक्त पुन्हा सुरू झालं, ते थांबलंच नाही. सासू म्हणाली होती, "म्हातारपनमा जवानी उनी व माय तुले!" सगळ्या हसल्या, अक्काही हसली. आणि बाहेर बसली.
दाजींनी शहाद्याच्या वैद्यांचा काढा आणून दिला होता. दाजी वाईट माणूस नाही. दिवस मात्र कोणीच मोजले नाहीत.
मीसुद्धा. दिवाळीत आले होते. पडवीत बसलेली पाहिली, लांबूनच बोलले, गाडी पकडली.

२३ जाने., नं.
बैलांची दमणी करून अक्काला आणलं. डॉ.नी तपासलं. मला बाजूला घेऊन सांगितलं: गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. बाजूला पसरला आहे. शस्त्रक्रियेची वेळ गेली. आता कापलं तर टेबलावरच जाईल.
उरलं काय? मुंबईला रेडियम. त्याची नळी आत ठेवतात, काही दिवसांनी पुन्हा. रक्त बहुतेक थांबतं, दुखणं कमी होतं. आतडं, मूत्राशय भाजण्याची भीती. "बऱ्या होतील?" डॉ. खिडकीकडे पाहत म्हणाले, "या अवस्थेत होतात, पण फार थोड्या. तुम्ही धरून चालू नका." नाहीतर घरीच. जखम धुण्याचं औषध, मॉर्फियाच्या गोळ्या, आणि शेवटी माणसं जवळ.
त्यांचं जाड इंग्रजी पुस्तक मागून आणलं. शब्दकोश उशाशी.

२५ जाने.
पुस्तकात दोन्ही बाजूंची माणसं छातीठोक. रेडियमवाले म्हणतात चाकू रानटी. चाकूवाले म्हणतात रेडियम म्हणजे आंधळ्याचा जाळ. वादाची ही भाषा मला ओळखीची. मीही अशीच बोलते. बाईला काय हवं होतं, हे एवढ्या पानांत कुठेच नाही.

२७ जाने.
दाजी आले. "बाई, तुमी शिकेल शेतस. तुमी सांगशात तसं करसूत." मी मुंबईच्या बाजूने तासभर बोलले. विज्ञान, धैर्य, अज्ञानाची बेडी, सगळं. अक्का भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी तिचा हात धरून म्हटलं, "अक्का, तू ठणठणीत बरी होशील."
ती "हां" म्हणाली. डॉ.नी मुंबईला पत्र टाकलं.

२९ जाने.
झोप नाही. डॉ.नी काय सांगितलं होतं, आणि मी काय म्हटलं! सभेत वाक्य सुरू झालं की ते आपल्याच ओघाने टाळीपर्यंत जातं. तसंच झालं. पण समोर सभा नव्हती.

३० जाने.
सांगितलं. शब्द जुळवले नाहीत. बरी होण्याची आशा फार थोडी आहे, मी खोटं बोलले.
अक्का हसली. "माले ठाऊक व्हतं. तू भाषन करी ऱ्हायंती, यमने. मी काय सभा शे?"
मग विचारलं, "रगत थांबी का? इतलंच सांग."
"बहुतेक."
"मंग जाऊत. रगत थांबनं का माले घरमा येवाले भेटी. नातले मांडीवर घेवाले भेटी."
एवढ्यासाठी मुंबई? एवढ्यासाठी आतडं भाजून घ्यायचं? मी आयुष्याचे महिने मोजत होते. ती उंबरा मोजत होती.

२ फेब्रु., रनाळे
तिला घेऊन गेले ती थेट माजघरात. सासू उठली, "यमुनाबाई, विटाळ! देव शेतस घरमा!" मी म्हटलं, "हा विटाळ नाही, जखम आहे. पाय कापला तर पडवीत बसवाल?" म्हातारी म्हणाली, "तुन्हा तोंडले कोन लागी!" मी अक्काच्या ताटातली भाकर मोडून खाल्ली. पुढे काय करावं सुचेना. तेवढ्यात दाजी येऊन खाली बसले, त्याच ताटात हात घातला. न बोलता. माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा तो घास मोठा होता.
सुनेने नातीला आणून मांडीवर दिलं. अक्का जपून बसली, खाली जाड फडकं. सासू तोंड फिरवून होती, पण खोलीतून गेली नाही.

५ फेब्रु.
मुंबईहून उत्तर आलं. खाट आहे, दहा तारखेपर्यंत कळवा.
अक्काला वाचून दाखवलं. म्हणाली, "तवय माले घरमा येवानं व्हतं, म्हनीसन हां म्हनं. आते मी घरमा बठेल शे. आते माले खरा इचार करू दे."
मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी हलक्या आवाजात. रेडियमने रक्त, वास, दुखणं कमी होईल. कदाचित काही महिने जास्त मिळतील. प्रवास, अनोळखी हात, जळजळ. घरी राहिलीस तर रक्त वाढेल, मग गोळ्या. पण ही सगळी जवळ. तिने दोनदा विचारलं, "तठे तू संगे ऱ्हाशी?" राहीन म्हटलं. मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आहे. तिने मुंबईला जावं असं मला वाटतं. हे तिला सांगितलं नाही. चेहऱ्यावर दिसतंच असेल.

७ फेब्रु.
अजून उत्तर नाही. नातीचे केस विंचरत होती. विचारलं नाही.
उद्या कोरीटला सभा आहे. टिपण फाडून टाकलं. एवढंच सांगणार:
बायांनो, आज घरी गेल्यावर बाहेर बसलेल्या बाईजवळ जा, तिच्या गोणपाटावर बसा, आणि विचारा, किती दिवस झाले. पाळी गेलेली असून रक्त असेल, किंवा थांबतच नसेल, तर उद्याच गाडी जुंपा आणि तिला डॉक्टरकडे न्या.