आणीबाणीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह एकदा तरी न सांगता उघडून पाहणेबाबत

प्रति,
मा. मुख्य नियंत्रक,
अणुभट्टी सुरक्षा चाचणी कार्यालय,
तिसरा मजला.

विषय : सोमवारी भट्टी सुरू होण्यापूर्वी आणीबाणीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह कोणालाही न कळवता एकदा उघडून पाहणेबाबत, ते शक्य नसल्यास, परिच्छेद ९ मधील परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) याच विषयावरील माझे तीन अर्ज. (२) आपले परिपत्रक, ‘अचानक चाचणीचा कार्यक्रम’. (३) माझ्या सहीची जागा आखून मला पाठवलेले प्रमाणपत्र.

महोदय,

आपल्याच कार्यालयाने या प्रकल्पावर नेमलेला चाचणी निरीक्षक या नात्याने मी चौथ्यांदा आपला वेळ घेत आहे. पहिले तीन अर्ज आपल्याला मिळाले असावेत, कारण तिन्हींवर कार्यवाही झाली. हा चौथा अर्ज त्या कार्यवाहीमुळेच लिहावा लागत आहे.

१. हा अर्ज आपल्याआधी आवक नोंदवणाऱ्या बाई वाचतील, म्हणून व्हॉल्व्हचे काम साध्या शब्दांत सांगतो. भट्टी चालू असताना तिला थंड ठेवणारे नेहमीचे पाणी काही कारणाने बंद पडले, तर वरच्या टाकीतले पाणी आत सोडणारा एक मोठा व्हॉल्व्ह आहे. त्याने हुकूम मिळताच उघडायचे असते. एरवी तो नुसता उभा असतो. फिटर लोक त्याला ‘आजोबा’ म्हणतात, कारण ते फारसे उठत नाहीत, आणि उठले तर घरात काहीतरी मोठे घडलेले असते. पाणी वेळेवर आत गेले नाही तर काय होते, हे आपल्या पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात दिलेले आहे. ते प्रकरण वगळून बाकीची पुस्तिका प्रशिक्षणात शिकवली जाते.

२. पहिल्या चाचणीला मी व्हॉल्व्हजवळ उभा होतो. नियंत्रण कक्षातून हुकूम सुटला आणि आजोबा असे झटकन उठले, की मला आनंदापेक्षा शंकाच जास्त आली. दांड्याला बोट लावून पाहिले तर ताजे ग्रीस. व्हॉल्व्हची देखभाल करणारे जुने फिटर आहेत, त्यांना सगळा प्रकल्प मामा म्हणतो. मी त्यांना विचारले. ते काही लपवणारे गृहस्थ नव्हेत. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत देतो : “अहो साहेब, पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतोच की. सकाळी मी अन् हेल्पर, आम्ही दोघांनी चाक फिरवून एकदोनदा उघडमीट करून घेतली. अंग मोकळं केलं त्याचं जरा. नाहीतर तुमच्यासमोरच अडकला असता, म्हणजे तुमचीही पंचाईत आणि आमचीही.” अंग मोकळे केले नसते तर तो उघडला असता का, असे मी विचारले. ते म्हणाले, “तसं कधी बघितलंच नाही.”

३. अधिक चौकशी केल्यावर कळले, की यात कोणाचाही वाईट हेतू नाही. मला खरी धास्ती बसली ती त्यामुळेच. निरीक्षक येण्यापूर्वी यंत्राचे अंग मोकळे करून ठेवायचे, ही इथली रीत आहे. पंप आधी चालवून घेतात, बॅटऱ्या आधी भरून घेतात, धोक्याचा भोंगासुद्धा आधी वाजवून बघतात. जो हे करत नाही त्याला कामचुकार समजतात. म्हणजे आपल्या कार्यालयाने आजवर ज्या चाचण्या पाहिल्या, त्या सगळ्या दुसऱ्या खेपेच्या. पहिल्या खेपेला यंत्र काय करते, हे कोणीच पाहिलेले नाही. अपघात मात्र आदल्या दिवशी निरोप धाडून येत नाही. म्हणून व्हॉल्व्ह ठीक असल्याच्या प्रमाणपत्रावर मी सही केली नाही, आणि व्हॉल्व्हला काही आठवडे कोणी हात न लावता, मग न सांगता एकदा उघडून पाहावा, असा पहिला अर्ज केला.

४. आपण तो मान्य केलात, त्याबद्दल आभारी आहे. त्यानंतर अचानक चाचणीची तारीख, वेळ, उपस्थितांची नावे, बसण्याची व्यवस्था आणि चहापान यांचे परिपत्रक निघाले व प्रत्येक खात्याला ‘तयारीसाठी’ रवाना झाले. कळवून केलेली चाचणी अचानक राहत नाही, हे मी दुसऱ्या अर्जात नम्रपणे निदर्शनास आणले. न कळवल्यास उपस्थिती कमी राहील, असे उत्तर आले.

५. तयारी जोरात झाली. व्हॉल्व्हच्या खोलीची फरशी घासली, दिवे बदलले, शेवटी रंगारी आले. मोठे साहेब येणार, सगळे चकाचक दिसले पाहिजे, एवढेच त्यांना सांगितले होते. त्यांनी भिंती रंगवल्या, पाइप रंगवले आणि व्हॉल्व्हही रंगवला, दांड्यासकट. हा दांडा व्हॉल्व्हच्या गळ्यातून वरखाली सरकतो. तो सरकला तरच व्हॉल्व्ह उघडतो. त्याच्यावर आणि गळ्याच्या फटीत आता रंगाचे दोन जाड हात बसले आहेत. मी रंगाऱ्याला दोष देत नाही. तो म्हणाला, “तेवढाच दांडा चकाकत होता. म्हटलं, हा राहिलाच की. उद्या आमच्याच नावाने ओरड झाली असती.” रंग उत्तम प्रतीचा आहे. उष्णता सोसतो आणि वाळला की दगड होतो. एक व्हॉल्व्ह अडला तर हाताशी असावा म्हणून शेजारी दुसरा ठेवलेला असतो, हे आपण जाणताच. तोही त्याच दिवशी, त्याच डब्यातून रंगवला.

६. अचानक चाचणीच्या दिवशी रंग ओला होता. व्हॉल्व्ह हलला तर रंग खराब होईल म्हणून त्याला उघडणाऱ्या मोटरची वीज बंद ठेवली, आणि चाचणी नियंत्रण कक्षातूनच उरकायची असे ठरले. आपण स्वतः हजर होतात. बटण दाबले, हिरवा दिवा लागला, आपण टाळ्या वाजवल्यात, आणि सांगायला लाज वाटते, पण सगळ्यांबरोबर मीही वाजवल्या. तो दिवा हुकूम सुटल्याचा आहे. हुकूम कोणी पाळला की नाही, हे त्याला ठाऊक नसते. मोटरची वीज नंतर पुन्हा जोडली गेली, हे मी स्वतः पाहून आलो आहे. चाचणी यशस्वी झाल्याची नोंद आपल्या कार्यालयात आहे.

७. रंग वाळल्यावर मामा आणि मी चाक हाताने फिरवून पाहिले. ते तसूभरही हलले नाही. मामा म्हणाले, “साहेब, हे अंग आखडलेलं नाही. हे चिकटलंय.” उपमुख्य अभियंत्यांचे मत असे, की मोटर दांडगी आहे, ती रंग फोडून काढेल. काढेलही. ते पाहायला एक बटण पुरते. तिसऱ्या अर्जात मी तेवढेच मागितले. उत्तर आले, की चाचणी पूर्ण झाल्याने खोली सील केली आहे. सील काढायचे तर चाचणी रद्द व्हावी लागेल, चाचणी रद्द व्हायची तर व्हॉल्व्ह नापास व्हावा लागेल, आणि व्हॉल्व्ह नापास आहे हे ठरवायला खोली उघडावी लागेल, जिच्यावर सील आहे. या उत्तराभोवती मी पुष्कळ फेऱ्या मारल्या, दार कुठेच सापडले नाही. त्याच टपालाने माझी सोमवारपासूनची रजा मंजूर झाल्याचे पत्र आले. मी रजा मागितलेली नव्हती. निरीक्षक रजेवर असल्याने प्रमाणपत्रावर अन्य अधिकारी सही करतील, असे त्यात म्हटले आहे.

८. एक घरगुती बाब मीच सांगून टाकतो, नाहीतर ती उद्या कोणीतरी माझ्याविरुद्ध सांगेल. माझी मुलगी याच प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात आहे, आणि सोमवारी भट्टी सुरू करणाऱ्या पाळीत तिची नेमणूक आहे. तिची आई हयात नाही. वसाहतीतल्या घरात आम्ही दोघेच असतो, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भट्टीचा घुमट दिसतो. मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, “बाबा, मला माझ्या खुर्चीवरून फक्त दिवा दिसतो. हिरवा लागला की मी पुढे जाते. त्याच्यावरही भरवसा ठेवायचा नाही, तर मी तिथे बसायचं कशाच्या जोरावर?” तिचे चुकत नाही. मला तिची काळजी वाटते, रात्रंदिवस वाटते. हे कार्यालयीन भाषेत कसे मांडतात ते मला माहीत नाही, म्हणून जसे आहे तसे लिहिले.

९. तरी विनंती, की सोमवारचा कार्यक्रम पुढे ढकलून दोन्ही व्हॉल्व्हचा रंग खरवडून काढावा, आणि मग त्यांना न सांगता-सवरता उघडून पाहावे. मान्यवरांना निमंत्रणे गेल्यामुळे हे अशक्य असल्यास, सोमवारपासून मला व्हॉल्व्हच्या खोलीत बसण्याची परवानगी द्यावी. हातोडा, खरवडणी आणि लांब दांड्याचा पाना माझा मी आणीन. आजोबा वेळेला उठले नाहीत तर निदान त्यांना उठवायला कोणीतरी जवळ असावे. भट्टी चालू असताना त्या खोलीत माणसाने थांबू नये, असा नियम आहे. नियम योग्यच आहे, आणि तो का केला हे मला पुरते ठाऊक आहे. मामांनीही परवानगी मागितली आहे. मी त्यांना परोपरीने नको म्हटले. ते म्हणाले, “ते चाक एकट्याने फिरत नाही, साहेब. आम्ही नेहमी दोघंच लागायचो.”

१०. मनाई असलेल्या जागी जायचे तर घरच्या सज्ञान व्यक्तीची लेखी संमती लागते, असे आपल्या कचेरीतून सांगण्यात आले. त्याप्रमाणे मी संमतिपत्र मुलीपुढे ठेवले. तिने ते वाचले आणि विचारले, “किती दिवस बसणार आत?” मी म्हटले, भट्टी चालू आहे तोवर. ती म्हणाली, “तुम्ही आत आहात हे माहीत असताना मी बटण कोणत्या हाताने दाबू, बाबा?” तिने सही केली नाही. मी आग्रह केला नाही.

११. आज शुक्रवार. टपालात टाकलेला अर्ज सोमवारी उघडला जाईल, तेव्हा कार्यक्रम सुरू झालेला असेल, म्हणून हा मी स्वतः घेऊन आलो आहे आणि आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो आहे. घरच्यांची संमती नाही या कारणावरून माझी परवानगी नाकारायची झाल्यास माझी तक्रार नाही. मात्र मग त्याच कारणावरून भट्टीही थांबवावी. घुमटाभोवतीच्या वसाहतीत, आणि तिच्यापलीकडे जिथवर दिवे दिसतात तिथवरच्या घरांत, त्या रंगवलेल्या व्हॉल्व्हच्या भरवशावर राहायला कोणाचीच संमती घेतलेली नाही.

आपला नम्र, आणि रविवारपर्यंत कामावर असलेला,

(सही)
चाचणी निरीक्षक

दिनांक : शुक्रवार, कचेरी सुटण्यापूर्वी

सोबत :
१. दांड्यावरून नखाने निघालेला रंगाचा तुकडा, पाकिटात.
२. परवानगीसाठी मामांचा स्वतंत्र अर्ज, पत्नीच्या अंगठ्यासह.
३. माझ्या मुलीचे संमतिपत्र, कोरे.